सूर-संवाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर गुरुवारी आम्ही दहा-बारा जणी भजन करतो. सगळ्या पन्नाशीपुढच्या. मुलांनी आणि पुरुषांनीही यावं असं वाटतं, पण मुलं दोन आठवडे येतात आणि गळतात. मास्तर नेमावेत का? शिवाय मला स्वतःला सूर लागत नाही, मी मागेच बसते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण ते वाचून मला फार वाईट वाटलं. मागे बसू नका. ज्यांचा आवाज पक्का आहे त्यांच्या शेजारी बसा, पेटीजवळ. घरी रोज पाच मिनिटं पेटीचा एकच षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून हलक्या आवाजात ‘आ’ म्हणा, आणि म्हणण्याहून जास्त ऐका. सूर लागत नाही असं सांगत माझ्याकडे आलेल्या बहुतेकींना आजवर कुणी ऐकायला शिकवलेलंच नव्हतं.

आता मंडळाकडे येते. मी लहानपणी गावच्या सप्ताहात बसले आहे. तिथे सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. एका पहाटे माझ्या आजोबांनी ती माझ्या गळ्यात घातली. मी नऊ वर्षांची होते. कुणी माझी परीक्षा घेतली नाही, पण त्या वेळेपुरती वीणा माझ्यावर सोपवलेली होती. तुमच्या मुलांवर काय सोपवलंय? नुसतं बसून टाळ्या वाजवायला मूल का येईल?

पट्टीची, म्हणजे ‘सा’ कुठल्या स्वरावर धरायचा याची, अडचण खरी आहे. बायका साधारण काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर ‘सा’ धरून, गातात, साठीनंतर आवाज आणखी खाली उतरतो. पुरुषांना काळी एक सोयीची पडते. सगळ्यांना एकाच पट्टीत ओढलंत तर निम्मे ताणतील, निम्मे घुटमळतील. म्हणून दर अभंगाला पुढे म्हणणारा बदला आणि पट्टी त्याच्या गळ्याची घ्या. बाकीच्यांनी ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, झेपेल तेवढं म्हणावं, नाहीतर टाळ धरावा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असतो. त्याला गायला लावून लाजवू नका, त्याच्या हाती पखवाज द्या. लहानांना आधी चिपळ्या द्या, मोठे टाळ त्यांच्या मनगटाला जड होतात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा बोटांवर मोजायला सातव्या वर्षीही जमतं.

मास्तर नेमा, पण फक्त पखवाजासाठी आणि दोन-तीन महिन्यांपुरते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हापासून गाण्याचं शिस्तीचं शिक्षण सामान्य घरांत पोचलं. मी स्वतः गांधर्वच्याच परीक्षांच्या वाटेने गेले आणि ज्या मुलाला ओढ आहे त्याने जरूर जावं. गुरुवारच्या बैठकीला मात्र परीक्षेचा अभ्यासक्रम लावू नका. पहिला अर्धा तास मुलांचा ठेवा. पाठांतर झालेलं नसलं तरी चालेल.

आणि एक काम मुलांनाच द्या. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी कणीक लावतात. ती मळायची, थोडी थोडी थापत आवाज खोल येईपर्यंत ऐकत राहायचं, आणि भजन संपल्यावर वाळायच्या आत खरवडून काढायची. माझ्याकडे या कामासाठी मुलं वीस मिनिटं आधी येऊन दारात उभी असतात.