कॅनडाला निघतोयस? पीआरसाठी (तिथे कायम राहायच्या परवानगीसाठी) आधी एवढं बघ

नियम बदलले म्हणून हातपाय गाळू नकोस. आत्ता तीनच गोष्टी बघ.

१. कोर्स. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांना कॉलेज डिप्लोमावर पीजीडब्ल्यूपी (शिक्षणानंतर तिथे काम करायचं परमिट) हवं असेल, तर विषय सरकारी यादीत असावा लागतो. युनिव्हर्सिटीच्या बॅचलर्स-मास्टर्सना ही अट नाही. एजंट 'सगळं चालतं' म्हणेल (त्याचं कमिशन कॉलेजकडून येतं!). यादी स्वतः उघड आणि कोर्सचा सहा आकडी सीआयपी कोड (विषयाचा ठरलेला क्रमांक) जुळवून बघ. पीजीडब्ल्यूपी आयुष्यात एकदाच मिळतं.

२. पूर्णवेळ शिकताना केलेलं काम कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासमध्ये (कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर पीआर देणाऱ्या योजनेत) धरत नाहीत. मी दोन वर्षांच्या पार्ट-टाइमच्या पे-स्लिपा फाइल लावून जपल्या होत्या. उपयोग शून्य.

३. एक्सप्रेस एंट्रीत (गुणांवरून पीआरसाठी निवड करायच्या पद्धतीत) जॉब ऑफरचे ५० किंवा २०० गुण २५ मार्च २०२५ पासून गेले. त्यामुळे 'ऑफर लेटर' विकणाऱ्यांना एक डॉलरही देऊ नकोस.

आणि हो, फ्रेंच! फ्रेंच येणाऱ्यांसाठी एक्सप्रेस एंट्रीचे वेगळे ड्रॉ (निवडीच्या फेऱ्या) होतात, त्यांचा कटऑफ बराच खाली असतो. वेळ असेल तर आजपासूनच लाग.

प्रांतांच्या योजनांचं डोकं आत्ता नको. पहिलं सेमिस्टर झालं की विचार, सांगतो.