शुक्रवारी शाळेला सुट्टी आहे आणि मला आत्तापासून धडकी भरलीय

पत्र:

मावशी, मी डोंबिवलीला राहते. मुलगी सात वर्षांची, दुसरीत, मुलगा चारचा, ज्युनियर केजीत. मी ठाण्याला नोकरी करते, मिस्टरांची शिफ्ट असते, घरी सासूबाई आहेत. मागच्या महिन्यात एक दिवस शाळेला सुट्टी आली म्हणून मी मुद्दाम सीएल टाकली, म्हटलं रोज सकाळी आठला बाहेर पडते ती रात्री आठला उगवते, एक दिवस तरी पूर्ण मुलांना देऊ. सहा वाजता उठून सगळं आवरलं, दहाला मॉलमधला प्लेझोन, मग जेवण, मग तीनचा पिक्चर, मग बुटांची खरेदी असं सगळं ठरवलेलं. साडेबारालाच फूड कोर्टात धाकट्याने जमिनीवर लोळण घेतली, पंधरा मिनिटं थांबेना, शेवटी मी एक ठेवून दिली. सगळे बघत होते. पिक्चर राहिला म्हणून मोठी रडायला लागली. येताना पाऊस एवढा की रिक्षा पुलाखाली वीस मिनिटं उभी, रिक्षावाल्या काकांनी धाकट्याला हॉर्न वाजवू दिला तेवढंच. घरी आल्यावर हिशोब केला तर 2,700 रुपये गेले होते. सासूबाई म्हणाल्या, आम्ही तीन पोरं वाढवली, कधी कुठे नेलं नाही. रात्री मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आता येत्या शुक्रवारी परत सुट्टी आहे, मुख्याध्यापकांच्या अधिकारातली, सीएल मंजूर पण झालीय आणि मला वाटतंय की रद्द करावी आणि ऑफिसला जावं. तिथे निदान शांत वाटतं. बाकीच्या आया मुलांबरोबर मजा करतात, मला का जमत नाही? मी वाईट आई आहे का?

उत्तर:

अगं, सीएल रद्द करू नकोस. हे आधी सांगते, बाकीचं मग.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही फूड कोर्टच दिसलं, ती लोळण, बघणारी माणसं, तुझा हात उठला तो क्षण. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी त्या पुलाखालच्या रिक्षाशी थांबले. एका वाक्यात उडवून लावलंयस ते, "तेवढंच" म्हणून. मला सांग, त्या वीस मिनिटांत नक्की काय चाललं होतं? धाकटा हॉर्न वाजवत होता, म्हणजे रडायचा थांबला होता. मोठी काय करत होती? तू काय करत होतीस? माझा अंदाज आहे की तुम्ही तिघं एकमेकांना चिकटून बसला होतात, कुठे जायचं नव्हतं, कशाची वेळ गाठायची नव्हती, पावसामुळे काही करताच येत नव्हतं म्हणून तूही जरा सैल पडलीस आणि तू सैल पडलीस म्हणून पोरंही सैल पडली. अख्ख्या दिवसात सुट्टी अशी तेवढीच झाली तुमची, आणि तिला एक रुपया लागला नाही.

तू तो दिवस फार प्रेमाने ठरवला होतास हे मला दिसतंय. बारा तास बाहेर राहणाऱ्या बाईला एक दिवस मिळाला की ती त्या एका दिवसात सगळ्या महिन्याचं कोंबायला बघते, खेळणं पण, पिक्चर पण, बूट पण. पण चार वर्षांच्या मुलाला ते झेपत नाही गं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलंय त्यात तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 10 ते 13 तास झोप लागते असं आहे, दुपारची डुलकी धरून. आता तुझ्या मुलाचा हिशोब कर. सहाला तुझ्या गडबडीत तोही उठला असणार, उत्साहात धड खाल्लं नसणार, दोन तास प्लेझोनमध्ये उड्या, ते दिवे, तो आवाज, आणि साडेबाराला, जेव्हा त्याला वरण-भात खाऊन आडवं व्हायचं असतं, तेव्हा तो फूड कोर्टात टोकन नंबरची वाट बघत उभा. त्याने लोळण घेतली नसती तरच नवल. तो हट्टी नाहीये आणि तू वाईट नाहीयेस, त्याची झोपेची वेळ झाली होती आणि पोटात काही नव्हतं.

फटक्याबद्दल. हे मी सोडून देणार नाही कारण तूही सोडलेलं नाहीयेस, नाहीतर बाथरूममध्ये रडली नसतीस. त्याला एकदा जवळ घे आणि सरळ सांग की त्या दिवशी मी तुला मारलं ते माझं चुकलं, मी खूप दमले होते पण मारायला नको होतं. महिना झाला म्हणून तो विसरला असेल असं धरू नकोस, चार वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं. एवढंच बोल, "पण तू पण ना" असं शेपूट जोडू नकोस. मोठीसमोर बोललीस तर आणखी चांगलं, तिनेही ते सगळं पाहिलंय.

आता शुक्रवार. एकच गोष्ट ठरव. एक. आणि ती सकाळची ठरव, म्हणजे एक वाजेपर्यंत घरी आणि दुपार मोकळी. मॉल नको, मुंबईकडे तर अजिबात नको, सकाळच्या गर्दीत दोन पोरांना घेऊन ठाण्याच्या दिशेला जाणं म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. उलट्या दिशेला जा. नऊ-साडेनऊला अंबरनाथ किंवा बदलापूर पकड, त्या वेळी खाली जाणारी गाडी बरीच रिकामी असते, लेडीजमध्ये खिडकी मिळून जाते. धाकट्याला पाच पूर्ण नाहीत म्हणजे त्याचं तिकीट लागत नाही, मोठीचं अर्धं. ते अर्धं तिकीट तिच्या हातात दे, तिचं स्वतःचं तिकीट, बघ कशी जपते. ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ. दुसरीतल्या मुलीला पाट्या वाचता येतात, तिला स्टेशनं वाचू दे आणि धाकट्याला ओरडून सांगू दे.

अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलंयस का? डोंबिवलीची निम्मी माणसं रोज त्या स्टेशनचं नाव ऐकतात आणि देऊळ पाहिलेलं नसतं. शिलाहारांच्या काळातलं आहे, शिलालेखात सन 1060 चं साल येतं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही साधारण पावणेसहाशे वर्षं आधीचं. काळ्या दगडाचं, बाहेरून सगळीकडे मूर्ती कोरलेल्या, शेजारून वालधुनी वाहते. आणि मुलांसाठी सगळ्यात भारी म्हणजे गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जायचं. पायऱ्या मोज म्हण धाकट्याला. तो चुकेल, परत वर जाईल, परत मोजेल, मोजू दे. श्रावणी सोमवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, शुक्रवारी त्या मानाने निवांत मिळेल. स्टेशनवरून रिक्षा कर, चालत नेऊ नकोस, चार वर्षांच्या पायांना जातानाचं चालणं जमतं आणि येतानाचं तुझ्या कडेवर येतं. डब्यात गूळ-तूप पोळीचे रोल आणि केळी ने, भूक लागायच्या आधी खायला दे. तासभर झाला, मुलं कंटाळली, की निघ. अर्धा तासच झाला आणि कंटाळली तरी निघ. "एवढं आलोय तर" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढायचं नाही, माझं ऐक, फिरायला गेलेल्या निम्म्या दिवसांचा विचका त्या एका वाक्याने होतो.

पाऊस फार असेल तर हे पण रद्द, गाड्या रखडल्या तर दोन पोरांना घेऊन प्लॅटफॉर्मवर अडकायला नको. मग घरी. आणि घरीच राहावं लागलं तर मन खट्टू करू नकोस, मला विचारशील तर तोच दिवस जास्त छान जाईल. जुन्या दोन चादरी आणि डायनिंगच्या खुर्च्या घेऊन तंबू बांधायला दे, बांधून होईपर्यंत तासभर जातो. पत्त्यात भिकार-सावकार मोठीला शिकव, त्यात डोकं लागत नाही, नुसती पानं टाकायची असतात म्हणून धाकटाही खेळू शकतो आणि जिंकू पण शकतो. पावसात भिजायचं असेल तर गच्चीवर नाहीतर सोसायटीच्या आवारात खुशाल भिजू दे, होड्या पण तिथेच सोड. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात मात्र उतरू द्यायचं नाही, उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतामुळे त्यात लेप्टोचे जंतू असू शकतात आणि पायाला बारीकशी जखम असली तरी तिथून शिरतात. ह्याबाबतीत मी कडक आहे. भिजून आली की गरम पाण्याची अंघोळ, कोरडे कपडे, वर मऊ गरम भात.

दुपारी सगळ्यांनी झोपा. तू पण. भांडी पडू देत, कपाट आवरायचं राहू दे, सुट्टीच्या दिवशी मुलं झोपली की बायका कपाटं काढतात आणि मुलं उठतात तेव्हा आईच्या अंगात त्राण नसतं. मोबाईल थोडा वेळ बघितला तर आभाळ कोसळत नाही, त्याच संघटनेने ह्या वयाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमी असेल तेवढं बरं असं म्हटलंय, तेवढं धर आणि त्या वेळात शांतपणे चहा पी. चहा घेताना अपराधी वाटून घेऊ नकोस.

तू विचारलंस की बाकीच्या आया मजा करतात मग मला का नाही. पोरी, दिवसभर कोणीच मजा करत नसतं. सात आणि चार वर्षांच्या मुलांबरोबरच्या दिवसात भांडणं असतात, सांडलेलं दूध असतं, शी धुणं असतं, "मम्मी बघ ना" शंभर वेळा असतं, आणि मध्येच पाच मिनिटं अशी येतात की तुझ्या पोटात कालवतं इतकी ती पोरं गोड वाटतात. ती मिनिटं कधी येतील ते ठरवता येत नाही. फोनवर फोटो टाकणाऱ्या बायकांचीही तीच पाच मिनिटं असतात, तुला फक्त तेवढीच दिसतात. आणि ऑफिसात शांत वाटतं ह्याचीही लाज वाटून घेऊ नकोस, तिथे एका वेळी एक काम असतं, चहा गरम असताना पिता येतो, कुणालाही तिथे शांतच वाटेल. त्याने तुझी माया कमी होत नाही.

मिस्टरांचं तू एका शब्दात आटपलंस, शिफ्ट. शुक्रवारी कुठली शिफ्ट आहे ते बघ. रात्रपाळी असेल तर ते झोप झाल्यावर संध्याकाळी मुलांना तासभर खाली नेऊ शकतात, दुसरी असेल तर सकाळी धाकट्याला अंघोळ घालून तयार करू शकतात. आधी बोलून ठेव, त्या दिवशी सकाळी बोललीस की भांडण होईल.

आता सासूबाई. त्यांचं वाक्य लागण्यासारखंच होतं, तू आधीच रडवेली असताना तर फारच. पण त्यातला टोचणारा भाग सोडला तर त्या काय म्हणतायत बघ, मुलांना कुठेतरी न्यायलाच पाहिजे असं काही नसतं. हे मीही म्हणतेच आहे की. कदाचित त्यांना असंही वाटलं असेल की मी घरात असून मला कोणी विचारलं पण नाही, तिघं निघून गेले. मला खात्री नाही, तुझी सासू तू ओळखतेस. पण शुक्रवारचं एक काम त्यांच्याकडे दे, आणि ते असं दे की त्यांना मान वाटेल. श्रावण आहे, बिरडं कर. वाल सोलायला मुलांना इतकं आवडतं की बस्स. कोमट पाण्यातला मोड आलेला वाल दोन बोटांत धरून दाबायचा आणि तो सुळकन सालातून बाहेर उडतो, अर्धे टीपॉयखाली जातात, मग ते शोधायचे. आजीला मधे बसव, पुढे पेपर पसर, एकीकडे मोठी, एकीकडे धाकटा, आणि आजीला म्हण की आई, ह्यांना शिकवा ना, माझ्याकडून साल नीट निघत नाही. तेवढा अर्धा-पाऊण तास तू आंघोळ कर, केस धू, खिडकीत नुसती बस. नारळ खवून ठेव म्हणजे झालं. स्वतः सोललेल्या वालाचं बिरडं मुलं जास्त खातात, माझ्याकडे तरी नेहमी तसंच झालंय. तिखट बेताचं घाल.

म्हणजे अंबरनाथ झालं तर सकाळी अंबरनाथ आणि संध्याकाळी वाल. नाही झालं तर नुसते वाल. त्यावर तिसरं काही जोडू नकोस, बुटांची खरेदी तर नाहीच, बूट तू एकटी ठाण्याहून आण, मापाला जुना बूट पिशवीत टाकून ने.

कडव्या वालांना मोड यायला वेळ लागतो, म्हणून बुधवारी रात्रीच भिजत घाल, गुरुवारी सकाळी ऑफिसला निघायच्या आधी उपसून फडक्यात घट्ट बांध आणि वर झाकण ठेव. विसरशील असं वाटत असेल तर सासूबाईंना आत्ताच सांगून ठेव.