वाळलेले समुद्री शेवाळ विहिरीत सोडावे का?

रावेर-यावल भागातले केळी बागायतदार आणि धुळ्याजवळचे एक भाजीपाला उत्पादक, या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला आहे. वाळलेले समुद्री शेवाळ पाण्यातले शिसे, कॅडमियम असे विषारी धातू ओढून घेते असे त्यांनी मोबाईलवर पाहिले. मग त्याची गोणी विहिरीत सोडली किंवा ड्रिपच्या टाकीत ठेवली तर चालेल का? एका भाऊंनी तर दोन गोण्या मागवूनही ठेवल्या आहेत.

शेवाळ धातू धरते, ही गोष्ट खरी आहे. तरीही विहिरीत सोडू नका.

तपकिरी शेवाळाच्या पेशीभित्तिकेत अल्जिनेट नावाचा पदार्थ असतो. सरगॅसम हे असेच शेवाळ, आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खडकाळ किनाऱ्यावर सापडणारे. अल्जिनेटवर कॅल्शियम, सोडियम बसलेले असतात. शिसे किंवा तांबे जवळ आले की ते कॅल्शियमला उठवून स्वतः तिथे बसते. शेवाळ जिवंत असण्याचीही गरज नाही. शिशाच्या तीव्र द्रावणात एक ग्रॅम वाळलेले शेवाळ 100 मिलिग्रॅमहून जास्त शिसे धरते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल वोलेस्की यांनी या विषयावर बरीच वर्षे काम केले. त्यांच्या प्रयोगांत सरगॅसमने द्रावणातले सोनेही धरले. जळगावच्या सराफांनी कान टवकारावेत अशी ही गोष्ट, पण आपला विषय पाण्याचा.

हे काम उत्तम होते ते साधारण 4 ते 6 सामूच्या (pH), म्हणजे आम्लधर्मी पाण्यात. तापीकाठच्या विहिरी-बोअरचे पाणी बहुतेक विम्लधर्मी आणि जड असते. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम विषारी धातूंच्या कितीतरी पट जास्त असल्याने शेवाळावरची जागा तेच अडवून बसतात. शिवाय पाणी शेवाळाला लागून निदान अर्धा-एक तास राहावे लागते. केळीच्या एकरात दीड बाय दीड मीटरवर सुमारे 1,750 झाडे बसतात. झाडाला दिवसाला 18 लिटर धरले तरी 31,500 लिटर पाणी झाले. इतके पाणी रोज शेवाळातून गाळायचे कसे? वर कच्च्या शेवाळातून मीठ आणि तपकिरी चिकट द्रव सुटतो. मीठ केळीला सोसत नाही आणि चिकट द्रवाने ड्रीपर चोंदतात. फ्लोराइड आणि नायट्रेटवर तर याचा उपयोगच नाही, कारण त्यांचा विद्युतभार धातूंच्या उलटा असतो. आर्सेनिकलाही ते नीट धरत नाही, उलट काही समुद्री शेवाळांत ते मुळातच असते.

ही पद्धत शोभते ती मुलामा देणाऱ्या कारखान्यासारख्या ठिकाणी, जिथे सांडपाणी थोडे, आम्लधर्मी आणि धातूंनी भरलेले असते. तिथे शेवाळ नळकांड्यात भरतात, ते धातूंनी भरले की सौम्य आम्लाने धुऊन धातू परत काढतात आणि शेवाळ पुन्हा वापरतात.

धातू पाण्यातून निघाला म्हणजे नाहीसा झाला नाही, तो शेवाळात जाऊन बसला. असे वापरलेले शेवाळ उकिरड्यावर किंवा शेणखतात गेले तर पाण्यातले विष तुम्ही स्वतःच्या हाताने रानात नेऊन टाकले म्हणायचे.

दुसरे असे, की ज्यांनी विष असल्याची शंका घेतली त्यांच्यापैकी दोघांची खूण ड्रिपच्या नळ्यांवर बसणारा पांढरा थर ही आहे. तो थर बहुतेक वेळा चुन्याचा असतो आणि आम्लप्रक्रियेने जातो. शिसे-कॅडमियमसारखे जड धातू डोळ्यांना दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत आणि पाणी उकळून कमीही होत नाहीत.

म्हणून आधी तपासणी करा. नेहमीच्या तपासणीत सामू, क्षारता, सोडियम एवढेच बघतात. धातूंची तपासणी वेगळी सांगावी लागते. बाटली आणि त्यात घालायचे आम्ल प्रयोगशाळेकडूनच घ्या, पंप दहा मिनिटे चालवून मग नमुना भरा. अहवाल आल्यावर दोन मर्यादा वेगळ्या वाचा. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे शिसे 0.01 आणि कॅडमियम 0.003 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. सिंचनासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेने शिशाला 5 मिलिग्रॅम आणि कॅडमियमला 0.01 अशी मर्यादा सुचवली आहे. दोन धातूंत एवढा फरक का? आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत शिसे घट्ट अडकून बसते, कॅडमियम मात्र पिकात सहज चढते, त्यातही पालेभाजीत.

धुळ्याच्या भाऊंनी त्यामुळे अहवाल येईपर्यंत त्या बोअरवर पालक-मेथी घेऊ नये. घरी पिण्याला दुसरे पाणी आणावे किंवा चांगल्या स्थितीतले आरओ वापरावे. आकडे मर्यादेबाहेर निघाले तर अहवाल जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी.

राहिल्या घरातल्या दोन गोण्या. दुकानात बाटलीत मिळणारा समुद्री शेवाळ अर्क वेगळा, तो पिकाची वाढ सुधारण्यासाठी असतो, पाणी शुद्ध करण्यासाठी नाही. गोणीतले शेवाळ अजून कशात वापरलेले नसेल तर गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन मीठ काढा आणि थोडे थोडे कंपोस्टच्या खड्ड्यात घाला. धुतलेले पाणी मात्र केळीच्या बुंध्यात ओतू नका.