वसंतात शेताशिवारातून फिरताना नेमकं काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की वसंतात शिवारात फेरफटका मारता, पण रानफुलं, गुरं, खाण्याजोगी रोपं यातलं काहीच नीट कळत नाही, सगळं एकसारखं हिरवं दिसतं. माझ्या मते तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या शोधू नका. जिथे गुरं चरतात तिथलं गवत आधी बघा, बाकीच्याचा बराच उलगडा तिथेच होतो.

गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवत वेढून ओढून तोडते, म्हणून ती चरून गेली की गवत थोडं उंच आणि ओबडधोबड राहतं. मेंढीचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला असतो, त्यामुळे ती पार बुडख्यापर्यंत कुरतडू शकते. शेळीचा ओढा गवतापेक्षा झुडपांकडे. पाला उंचावर असेल तर ती मागच्या पायांवर उभी राहते. कुरणात मधेच गर्द हिरवा झुबका दिसला तर वाकून बघा, बहुतेक वेळा खाली जुनं शेण असतं. खतामुळे तिथलं गवत माजतं आणि शेणाजवळच्या गवताला गाय सहसा तोंड लावत नाही.

अशा सतत चरल्या जाणाऱ्या जमिनीवर टिकतात ती फुलं एकतर जमिनीला धरून वाढणारी, नाहीतर काटेरी, कडू किंवा विषारी झाडांची. उंच, नाजूक फुलं हवी असतील तर बांधावर आणि कुंपणाच्या पलीकडे शोधा. पण जवळची साधी फुलंही सोडू नका. पांढऱ्या क्लोव्हरचा, म्हणजे कुरणात पसरणाऱ्या तीन पानी रोपाचा, एक गोंडा हातात न तोडता नुसता वाकून पाहा. तो म्हणजे डझनावारी चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. परागीभवन झालेली फुलं खाली झुकून तपकिरी पडतात, वरची ताजी फुलं ताठ उभी असतात आणि मधमाशी त्यांच्याकडेच जाते. किती काम उरकलंय, ते गोंडा बघूनच कळतं! मला तरी यापुढे मोठाल्या बागेतली फुलं फिकी वाटतात.

खाण्याच्या बाबतीत मात्र सावकाश जा. जनावर खातं म्हणून आपल्याला चालेल, हे गृहीत धरणं धोक्याचं आहे. काही सशांच्या शरीरात ॲट्रोपिन हे विष मोडणारं विकर असतं, ते बेलाडोना या विषारी झाडाची पानं पचवतात. माणसासाठी तीच पानं जीवघेणी ठरू शकतात. सुरुवात दोनच रोपांपासून करा, जी जगाच्या बहुतेक भागांत उगवतात. पहिली आंबुशी. देठावर तीन पानं, प्रत्येक पान बदामाच्या आकाराचं, चव आंबट. (क्लोव्हरचीही तीन पानं असतात, पण ती गोलसर किंवा लांबट, बहुधा फिकट पट्टा असलेली.) आंबुशीत ऑक्झॅलिक आम्ल असतं, म्हणून चार-दोन पानं ठीक, मुतखड्याचा त्रास असेल तर तीही नकोत.

दुसरी घोळ, ऊन तापायला लागलं की दिसते. पानं जाड, रसाळ, देठ गुळगुळीत आणि लालसर. तिच्याशेजारीच युफोर्बिया वर्गातलं एखादं रोप तसंच जमिनीवर पसरलेलं असतं आणि घाईत दोन्ही सारखीच वाटतात. देठ मोडून बघा: घोळीतून पाण्यासारखा रस येतो, युफोर्बियातून पांढरा चीक. चीक दिसला की हात धुवा आणि ते डोळ्यांजवळ नेऊ नका. ओळख पक्की नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, नुसत्या मोबाईलवरच्या फोटोवर विसंबून तर नाहीच. फवारणी झालेल्या शेताच्या कडेचं आणि वर्दळीच्या रस्त्यालगतचं काही खुडू नका.

एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. मेंढ्या-गुरं चरतात त्या ओल्या कुरणातल्या झऱ्याकाठची पाणवनस्पती कच्ची खायची नाही. गुरांच्या यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीची अंडी शेणातून पाण्यात जातात, छोट्या गोगलगायीत त्यांची पुढची वाढ होते आणि नंतर त्या कृमीच्या अळ्या पानांवर चिकटून बसतात. त्या पोटात गेल्या की माणसाच्याही यकृतात शिरतात.

आणि गाईसोबत वासरू असेल तर लांबून वळसा घाला, दोघांच्या मधून कधीच जाऊ नका. सोबत कुत्रा असेल तर तो साखळीला बांधलेला ठेवा. गाय धावून आलीच तर साखळी सोडून द्या, कारण तिचा राग बहुतेक वेळा कुत्र्यावर असतो, तुमच्यावर नाही.