वाचकांचे प्रश्न : कढीपत्त्यावरचे बहुरूपी

प्रश्न : कढीपत्त्यावरच्या सारख्याच दिसणाऱ्या अळ्या वाढवल्या. एकीतून काळं, पांढऱ्या पट्ट्याचं फुलपाखरू निघालं, दुसरीतून लाल ठिपक्यांचं. या दोन जाती का? (वाचक, चिपळूण)

उत्तर : जात एकच, कॉमन मॉर्मन. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणारा लिनियससुद्धा इथे फसला. १७५८ साली त्याने नर-मादीला दोन जातींची नावं दिली. नर सगळे सारखे : काळे, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रांग. मादी मात्र तीन रूपांत दिसते. ‘सायरस’ नरासारखी. ‘स्टिकियस’ कॉमन रोझ या विषारी फुलपाखराची नक्कल करते : मागच्या पंखाच्या मधोमध पांढरा डाग, कडेला लाल चंद्रकोरी. ‘रोम्युलस’ क्रिमझन रोझसारखी : पुढच्या पंखावर पांढुरके पट्टे, मागच्यावर लाल ठिपके. दोन्ही रोझच्या अळ्या ईश्वरीच्या विषारी वेलावर वाढतात, त्या विषामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या अंगात तसलं काही नसतं, नुसतं सोंग.

रूप ठरवतो ‘डबलसेक्स’ जनुक. हा नक्कलेचा जनुक नरातही असतो, पण नक्षी मादीतच उमटते. त्यामुळे एकाच आईच्या मुली वेगवेगळ्या रूपाच्या असू शकतात.

प्रदेशाप्रमाणेही फरक पडतो. क्रिमझन रोझ मुख्यतः भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंकेतलं. आग्नेय आशियात ते नाही, म्हणून तिथे रोम्युलसही नाही. जपानच्या मियाको बेटावर १९७०च्या दशकात कॉमन रोझ स्थिरावलं आणि त्यानंतर तिथे नकली माद्यांचं प्रमाण वाढत गेलं.

प्रश्न : असली-नकली कसं ओळखायचं? (वाचक, नाशिक)

उत्तर : पंख सोडा, धड बघा. रोझचं लाल, मॉर्मनचं काळं.

प्रश्न : अळ्या मधेच मरतात, कधी फुलपाखरू चुरगळलेल्या पंखांचं निघतं. काय चुकतं? (वाचक, पुणे)

उत्तर : बाजारातला कढीपत्ता देऊ नका, त्यावर फवारणी झालेली असू शकते. घरची फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा, नाहीतर अळी आत उतरून बुडते. पानं कोरडी हवीत. विष्ठा रोज काढा. बंद डब्यातल्या दमटपणात बुरशी धरते, रोग पसरतो आणि अळी काळी पडून लोंबते. डब्याऐवजी जाळीचा पिंजरा बरा.

सुरुवातीला अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटच्या कातीनंतर हिरवी होते. मग एक दिवस खाणं सोडते, पातळ विष्ठा टाकते आणि सैरावैरा फिरते. हा आजार नव्हे, कोष करायची तयारी आहे. तेव्हा उभी काडी द्या.

चुरगळलेल्या पंखांचं कारण बहुतेक वेळा जागा. कोषातून निघाल्यावर फुलपाखराला लोंबकळून पंख पसरायला खाली १२-१५ सेंमी मोकळं लागतं. गुळगुळीत प्लॅस्टिकवरून पाय सुटला की पंख तसेच वाळतात. कोष गडद होऊन आतली नक्षी दिसू लागली की त्याला हात लावू नका.

कोषाला बारीक भोक दिसलं तर तिथून गांधीलमाशीच्या जातीचा परजीवी कीटक बाहेर पडलेला असतो, मग फुलपाखराची वाट बघण्यात अर्थ नाही. हा धोका कमी करायचा तर मोठ्या अळ्या गोळा करण्यापेक्षा कोवळ्या पानांवरची फिकट पिवळी अंडीच आणावीत.