वाचकांचे प्रश्न : दोन चित्रपट, दोन विजय

प्रश्न : ‘दीवार’ (१९७५) आणि ‘शक्ती’ (१९८२) या दोन्ही चित्रपटांत अमिताभ बच्चन यांचा विजय गुन्हेगारीकडे वळतो आणि घरातल्याच पोलीस अधिकाऱ्यासमोर उभा ठाकतो. मग भावाच्या जागी वडील आणून तोच संघर्ष पुन्हा मांडला, असे म्हणावे काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : साम्य योगायोगाचे नाही, कारण दोन्ही पटकथा सलीम-जावेद यांच्याच आहेत. मात्र ‘शक्ती’त तो संघर्ष पुन्हा आलेला नाही, उलटून आला आहे. ‘दीवार’मधले कामगारनेते वडील बायकामुलांच्या जिवावर बेतताच मालकाच्या कागदावर सही करतात आणि बाप चोर असल्याची अक्षरे मुलाच्या हातावर गोंदली जातात. ‘शक्ती’तले पोलीस अधिकारी अश्विनीकुमार (दिलीपकुमार) पळवून नेलेल्या मुलाच्या बदल्यात गुन्हेगाराला सोडायला नकार देतात आणि तो नकार मुलगा फोनवर ऐकतो. एक बाप झुकला म्हणून मुलगा दुखावला, दुसरा झुकला नाही म्हणून.

‘दीवार’मधल्या पुलाखालच्या प्रसंगात विजय बंगला, गाडी, बँकेतली रक्कम अशी मालमत्ता मोजून दाखवतो आणि पोलीस अधिकारी असलेला भाऊ रवी (शशी कपूर) चार शब्दांत आईचे नाव घेऊन त्याला गप्प करतो. हे उत्तर इतके गाजले, की विजय तिथे धाकट्या भावाला शहर सोडून जाण्याची विनवणी करायला आलेला असतो, याचा बहुतेकांना विसर पडतो. तरीही तो वाद जिंकता येण्याजोगा आहे, कारण कोणाचे पारडे जड हे ठरवणारी आई दोघांनाही मान्य आहे.

‘शक्ती’त असा निवाडा करणारे कोणीच नाही. आई (राखी) मध्ये पडते, पण मुलाची तक्रार एका जुन्या नकाराबद्दल असल्याने वडिलांच्या कोणत्याही युक्तिवादाने ती मिटत नाही. म्हणूनच बापलेकांची सर्वांत प्रभावी भेट, माझ्या मते, बिनसंवादाची आहे : आईच्या मृत्यूनंतर अटकेतला विजय येतो, वडिलांशेजारी बसतो आणि त्यांच्या दंडावर हात ठेवतो. दिलीपकुमार आणि अमिताभ यांच्यात सरस अभिनेता कोण हा वाद रंगवणाऱ्यांनी हा प्रसंग आधी पाहावा.

दोन्हीकडे गोळी घरचाच अधिकारी झाडतो. मात्र ‘दीवार’चा विजय आईच्या मांडीवर प्राण सोडतो, तर ‘शक्ती’त प्रेमाची कबुली बापलेक एकमेकांना देतात तीच मुळी गोळी लागल्यानंतर, आणि त्यामुळे तो शेवट मला अधिक कठोर वाटतो.