विमा नंतर, आधी बाबांच्या एफडी ॲपमधून बाहेर काढा

एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात: वडील 71 वर्षांचे, पेन्शन महिना 42 हजार. बँकेने वर्षाला 1,800 रुपयांची, 1 लाख संरक्षणाची सायबर विमा पॉलिसी सुचवली आहे. घ्यावी का? पेन्शनच्या खात्यात 5 लाख आहेत आणि त्याच खात्यावर 16 लाखांच्या एफडी आहेत. मुलगा परगावी असतो. बिलं भरता यावीत म्हणून त्याने वडिलांच्या मोबाईलवर स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकलंय आणि सगळे पिन घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवलेत.

पॉलिसी सध्या नको. धोक्यात 21 लाख आणि संरक्षण 1 लाखाचं, हा हिशेबच बसत नाही. ‘ओटीपी दिला तरी क्लेम मिळतो’ असं कुणी सांगितलं असेल, तर पॉलिसीच्या कागदावर तसं कुठे छापलंय ते दाखवायला सांगा.

खरी चिंता त्या ॲपची आहे. ‘हयातीचा दाखला अडकलाय’ असा भामट्याचा फोन येतो. समोरचा गोड बोलून आधी असंच ॲप टाकायला लावतो, मग स्क्रीनवरचा कोड विचारतो. तुमच्या घरी ॲप आधीच टाकलेलं आहे, फक्त कोड सांगायचा उरलाय. एकदा स्क्रीन दिसली की ओटीपीही दिसतो. बँकेच्या ॲपमधून एफडी मोडायला दोन मिनिटं लागतात, पैसे बचत खात्यात येतात आणि तिथून बाहेर जातात. सुट्टीचा दिवसही आड येत नाही. एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची सोय, डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालू असते.

स्क्रीन शेअरिंगचं ॲप आजच काढा. वीजबिल ग्राहक क्रमांक टाकून तुमच्याच फोनवरून भरता येतं, त्यासाठी बाबांचा फोन लागतच नाही. ग्रुपवरचे पिन नुसते पुसू नका, बदला. ते सगळ्यांच्या फोनमध्ये राहिलेले असतात. शिवाय ग्राहकानेच पिन उघड केला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, असं रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम सांगतो.

याच आठवड्यात शाखेत अर्ज द्या: नेटबँकिंग आणि बँकेच्या ॲपला फक्त पाहण्याची परवानगी ठेवा, ऑनलाइन एफडी मोडणं बंद करा. एफडी मुदतीआधी मोडून दंड भरू नका. मुदत संपेल तशी एकेक एफडी दुसऱ्या बँकेत, आईबाबांच्या संयुक्त नावावर, दोघांच्या सह्यांशिवाय मोडता येणार नाही अशी ठेवा. त्या खात्याला ना यूपीआय, ना नेटबँकिंग, ना डेबिट कार्ड.

यूपीआय एका वेगळ्या लहान खात्यावर ठेवा, त्यात 40 हजारांपेक्षा जास्त नको. मग फसवणूक झालीच तरी 21 लाखांऐवजी फार तर 40 हजार जातील. पेन्शन खात्यातले 4 लाख आणीबाणीसाठी एफडीत टाका. त्यांवर बचत खात्याचं तुटपुंजं व्याज का घ्यायचं?

आईबाबा दोघांच्याही फोनमध्ये 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी हेल्पलाइन क्रमांक सेव्ह करा. पैसे गेल्याचं कळताच आधी तिथे फोन, लगेच बँकेला. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. बाबांना आजच सांगून ठेवा, ‘काही झालं तर मी रागावणार नाही, लगेच फोन करा.’ मुलगा ओरडेल या भीतीने दोन दिवस गप्प बसलं, तर तोवर रक्कम चार खाती फिरून काढून घेतलेली असते.